गाडी उलाळ होऊ नये म्हणून

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी फोन करून एक प्रश्न विचारला. "आम्ही एक जुनी कॅराव्हॅन घेतली आहे. आता ती ओढायला गाडी हवी. दीडशे अश्वशक्तीची एक गाडी पाहून ठेवली आहे. पुरेल का? तू भौतिकशास्त्रवाला, जरा हिशोब करून सांग." मी हिशोब केला आणि 'पुरेल' म्हणून सांगितले. हिशोब बरोबर होता. तरीही पहिल्याच सहलीत त्या कुटुंबावर बाका प्रसंग आला आणि तो थोडक्यात निभावला. माझे गणित चुकले नव्हते, मी प्रश्न अर्धाच सोडवला होता. उरलेला अर्धा प्रश्न मला सुचला नाही, तो मित्राच्या वडिलांना मात्र एका क्षणात समजला. ते सांगली जिल्ह्यातले शेतकरी; शाळा चौथीपर्यंत.

हा सगळा प्रश्न मुळातून कसा सोडवायचा ते पाहू. त्याला शालेय पुस्तकातले बल, आघूर्ण, घर्षण आणि ऊर्जा एवढेच लागते. (लेखात रोजच्या व्यवहाराप्रमाणे 'वजन' किलोग्रॅममध्ये दिले आहे, बल काढताना त्याला ९.८ ने गुणले आहे.)

कॅराव्हॅन म्हणजे काय?

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे छोटे घर. आत झोपायच्या जागा, शेगडी, पाण्याची टाकी, लहानसे न्हाणीघर. तिला स्वतःचे इंजिन नसते. बहुतेक कॅराव्हॅनना मध्याजवळ एकाच आसावर दोन चाके असतात आणि पुढे एक दांडा असतो. हा दांडा मोटारीच्या मागे बसवलेल्या पोलादी गोळ्यावर अडकवायचा. युरोपात या गोळ्याचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे साधारण मोठ्या लिंबाएवढा. सगळे घर त्या लिंबाएवढ्या गोळ्यावर ओढले जाते.

सहलीसाठी अशी गाडी बांधून घेण्याची हौस ब्रिटनमध्ये जुनी आहे. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने १८८५ साली 'वाँडरर' नावाची कॅराव्हॅन बांधून घेतली. ती घोडे ओढत. मोटारी आल्यावर घोड्यांची जागा मोटारीने घेतली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन कारखान्यात तयार होऊ लागल्या. घोड्यांच्या जागी मोटार आली, पण ओढणाऱ्याचे आणि ओढल्या जाणाऱ्याचे नाते बदलले नाही. आपली बैलगाडीही त्याच नात्यात बसते, हे पुढे दिसेलच.

पहिला प्रश्न : चढ चढेल का?

मित्राने पाहिलेल्या मोटारीचे रिकामे वजन १,४५० किलो होते आणि सामान भरलेल्या कॅराव्हॅनचे १,२३० किलो. मोटारीत पाच माणसे व त्यांचे सामान धरले तर सगळी वरात सुमारे ३,००० किलोंची. तिला दहात एक चढ, म्हणजे दहा मीटर अंतरामागे एक मीटर उंची, ताशी ५० किलोमीटर वेगाने चढायचा आहे असे समजू.

वजनाचा चढाच्या दिशेतला भाग सुमारे ३००० × ९.८ × ०.१ = २,९४० न्यूटन. टायर रस्त्यावर लोळताना होणारा विरोध वजनाच्या दीड टक्का धरला तर तो सुमारे ४४० न्यूटन. या वेगाला हवेचा विरोध ३५० न्यूटनच्या आसपास. एकूण बल ३,७३० न्यूटन. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ती आली सुमारे ५२ किलोवॅट, म्हणजे ७० अश्वशक्ती. मोटारीची ताकद दीडशे. उत्तर : पुरेल.

येथे एक खाच आहे. जाहिरातीत लिहिलेली अश्वशक्ती इंजिन पूर्ण जोराने फिरत असतानाची असते. चढावर आपण इंजिन तसे पिटाळत नाही. शक्ती म्हणजे बल आघूर्ण गुणिले कोनीय वेग. मिनिटाला २,००० फेऱ्यांना, म्हणजे सेकंदाला २०९ रेडियनना, ५२ किलोवॅट हवे असतील तर इंजिनाने सुमारे २५० न्यूटन-मीटर आघूर्ण द्यायला हवे. तेवढे मिळत नसेल तर खालचा गिअर टाकून इंजिन दुप्पट वेगाने फिरवायचे, मग १२५ न्यूटन-मीटर पुरते. म्हणून ओढायची गाडी निवडताना 'किती अश्वशक्ती' यापेक्षा 'कमी फेऱ्यांना किती आघूर्ण' हे विचारणे शहाणपणाचे. टर्बो बसवलेली डिझेल इंजिने या कामात पुढे असतात ती यामुळेच.

उंचीचाही विचार हवा. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. आल्प्समधल्या २,००० मीटर उंचीच्या खिंडीत दीडशेचे एकशेवीस उरतात.

दुसरा प्रश्न : चाके धरतील का?

इंजिनात जोर असला तरी तो जमिनीपर्यंत पोचतो टायर आणि जमीन यांच्या घर्षणातून. युरोपात मोटारीची ओढण्याची मर्यादा ठरवताना ती पूर्ण भारासह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा उभ्या स्थितीतून निघू शकली पाहिजे, अशी अट असते. आपल्या वरातीला अशा चढावर निघायला सुमारे ३,९४० न्यूटन लागतील.

मित्राची मोटार पुढच्या चाकांवर चालणारी. त्या चाकांवर सुमारे ९०० किलो भार, म्हणजे ८,८२० न्यूटन. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर चाके न घसरता ६,२०० न्यूटनपर्यंत रेटा देऊ शकतील. काम झाले. पण कॅराव्हॅनचे मुक्काम बहुधा गवताळ माळावर असतात आणि इंग्लंडात पाऊस सांगून येत नाही. ओल्या गवतावर घर्षणांक ०.३ धरला तर उपलब्ध रेटा फक्त २,६५० न्यूटन. चाके जागीच गरगर फिरतील. इंजिन दुप्पट ताकदीचे घेतले तरी उत्तर बदलणार नाही, कारण अडचण इंजिनाची नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडी तेथे उपयोगी पडते ती या कारणाने. सगळे वजन घर्षणाच्या कामी येते.

तिसरा प्रश्न : उतारावर थांबेल का?

चढताना लागतो तो जोर, उतरताना लागतो तो संयम. तीन हजार किलो वजन ५०० मीटर उंचीवरून खाली आले तर स्थितिज ऊर्जा घटते ३००० × ९.८ × ५०० = १ कोटी ४७ लाख ज्यूल. हवा आणि टायर यांचा विरोध त्यातला काही भाग खातो. बाकीची ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जाते. एवढ्या ऊर्जेत २० अंश सेल्सियसचे सुमारे ४४ लिटर पाणी उकळीला येईल. मोठ्या बंबभर पाण्याची ही उष्णता बशीएवढ्या चकत्यांमध्ये ओतायची आहे! ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनालाच रोधाचे काम करू द्यायचे, हा नियम कॅराव्हॅनवाल्यांना दुप्पट लागू.

कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक असतात. युरोपात ७५० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या कुठल्याही जोडगाडीला ते सक्तीचे आहेत. ते लावणारी युक्ती साधी आणि सुरेख आहे. मोटार मंदावली की कॅराव्हॅन जडत्वामुळे पुढे रेटते. त्या रेट्याने दांड्यातला एक दट्ट्या मागे सरकतो आणि तारा ओढून चाकांचे ब्रेक लावतो. जितका रेटा जास्त तितका ब्रेक जास्त. शिवाय मोटारीला अडकवलेली एक बारीक तार असते. जोड निखळला तर ती कॅराव्हॅनचा ब्रेक ओढून मग तुटते.

वजनांचे प्रमाण

ब्रिटनमधले जाणकार नवख्या माणसाला एक अंगठेनियम सांगतात : भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त नसावे. हा कायदा नव्हे, सल्ला आहे. कायद्याची मर्यादा मोटारीवरच्या पट्टीत कोरलेली असते. तीत मोटारीचे भरलेले कमाल वजन आणि मोटार व जोडगाडी मिळून कमाल वजन असे दोन्ही आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरलेल्या मोटारीमागे किती ओढता येईल ते कळते. उदाहरणार्थ ३,३०० वजा १,९५० म्हणजे १,३५० किलो. पट्टीवर दुसरा आकडाच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी मान्य नाही असे समजावे, मग तिचे इंजिन कितीही दांडगे असो.

परवान्याचाही एक मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना मोठी जोडगाडी ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि ३,५०० किलोंपर्यंतची जोडगाडी साध्या परवान्यावर ओढता येऊ लागली. म्हणजे अजिबात सराव नसलेला माणूसही आज घर जोडून रस्त्यावर येऊ शकतो. त्यामुळे विज्ञान समजून घेण्याची जबाबदारी त्याच्यावरच आली.

माझ्या मित्राच्या गाडीचे प्रमाण १,२३० भागिले १,४५०, म्हणजे ८४.८ टक्के. शक्ती पुरेशी, प्रमाण पसंत, परवाना हातात. मी निश्चिंत होतो.

हमरस्त्यावर काय घडले

मेच्या शेवटी शाळांना आठवड्याची सुट्टी असते. मित्र, त्याची पत्नी, दोन मुले आणि गावाहून आलेले वडील अशी मंडळी निघाली. मुलांच्या सायकली कॅराव्हॅनच्या मागच्या भिंतीला बांधल्या होत्या. बाहेर उभारायचा जड मांडव मागच्या पलंगाखाली होता आणि पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन मागच्या कोपऱ्यात. पुढची जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती. 'मोटारीवर उगाच भार कशाला?' असा मित्राचा विचार. चांगल्या हेतूने केलेली ती चूक होती.

मोटारमार्गावर एका लांब उतारावर ताशी ९० किलोमीटरच्या पुढे वेग गेला. शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला आणि त्याच्या हवेच्या झोताने कॅराव्हॅनचे शेपूट थोडे हलले. ते थांबण्याऐवजी डावीउजवीकडे झुलू लागले आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यापेक्षा मोठा. मोटारीची मागची चाकेही आता आडवी सरकू लागली. स्टिअरिंग उलटसुलट फिरवावे तसे झोके वाढत होते. शेवटी मित्राने घाबरूनच पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि स्टिअरिंग सरळ घट्ट धरून ठेवले. वेग उतरला तसे झोके विरले. कोणाला काही झाले नाही. धाकटी मात्र मुक्कामी पोचेपर्यंत बोलली नाही.

मुक्कामाला पोचल्यावर कॅराव्हॅन सोडवली. वडील पुढे झाले आणि त्यांनी दांड्याला हात घालून तो सहज उचलला. मग मुलाकडे वळून म्हणाले, "आरं, गाडी उलाळ भरलीस की!"

उलाळ म्हणजे काय?

बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त वजन झाले की पुढचे जू वर उचलले जाते, त्याला गाडी उलाळ होणे म्हणतात. असे झाले की जुवाला बांधलेल्या बैलांना त्याचा त्रास होतो. म्हणून कसलेला गाडीवान भार असा रचतो की बैलांच्या मानेवर थोडा दाब राहील. फार नाही, पण राहील. हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कॅराव्हॅनवाले त्यालाच दांड्यावरचा भार म्हणतात. ब्रिटनमध्ये तो कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असे सांगतात. मित्राच्या बाबतीत तो ६० ते ८५ किलो हवा होता.

प्रत्यक्षात किती होता? आसापासून गोळ्यापर्यंतचे अंतर सुमारे ४ मीटर. आसामागे २.७ मीटरवर सायकली ३० किलो, २ मीटरवर मांडव २५ किलो, २.५ मीटरवर पाणी २० किलो. आघूर्णांची बेरीज ८१ + ५० + ५० = १८१ किलो-मीटर. ती ४ ने भागली की ४५. म्हणजे या तीन वस्तूंनी दांड्यावरचा भार ४५ किलोंनी कमी केला. कॅराव्हॅनचा मूळचा भार ७० किलोंच्या आसपास धरला तर उरले २५. वडिलांच्या हाताला तेच जाणवले होते.

झोके का वाढतात?

मागून झुलणारी कॅराव्हॅन हा एक प्रकारचा आडवा लंबक आहे. कोणत्याही लंबकाचे झोके विरण्यासाठी अवमंदन लागते. कॅराव्हॅनला ते टायरांकडून मिळते. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने जात आहे त्या दोन दिशांत थोडा कोन पडला की रस्ता टायरवर आडवे बल लावतो आणि झोक्याला विरोध करतो. कोन लहान असेपर्यंत हे बल कोनाच्या प्रमाणात असते.

आता गंमत पाहा. कॅराव्हॅन सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आडवी झुलत आहे असे समजू. ताशी ५० किलोमीटरला हा कोन साधारण २ अंश येतो. ताशी ९७ किलोमीटरला तो फक्त १ अंश. झोका तोच, पण वेग दुप्पट होताच त्याला थोपवणारे बल निम्मे. म्हणजे वेगाबरोबर अवमंदन घटत जाते आणि एका विशिष्ट वेगापुढे ते उलट होते : झोका विरण्याऐवजी गाडीच्या पुढे जाण्याच्या ऊर्जेतून पोसला जातो. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. उताराने भर पडते, कारण तेथे मोटार कॅराव्हॅनला ओढत नसते, कॅराव्हॅन मोटारीला ढकलत असते. दोरी ओढली की सरळ होते, ढकलली की वाकडी होते, तसेच हे.

स्टिअरिंगने झोका का आवरत नाही? एक झोका दीड-दोन सेकंदांचा असतो. माणसाला तो जाणवून हात हलेपर्यंत त्यातला मोठा भाग संपलेला असतो. झोपाळा परत फिरल्यावर त्याच दिशेने धक्का द्यावा तसे होते आणि झोका वाढतो. जोराचा ब्रेकही वाईट, कारण त्याने मोटारीचा भार पुढच्या चाकांवर जाऊन मागची चाके हलकी होतात आणि मागून कॅराव्हॅन रेटत असते. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या, हाच उपाय. मित्राने तो नकळत केला होता.

क्रांतिक वेग कशावर अवलंबून असतो? इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी भार आणि आस पुढेमागे सरकवता येईल अशी एक खास जोडगाडी बांधून ती प्रत्यक्ष मोटारीमागे पळवली. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. दांड्यावरचा भार, आसाची जागा आणि कॅराव्हॅनचे उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण यांचा स्थैर्यावर जबरदस्त परिणाम होतो. जोडगाडीचे नुसते वजन वाढवल्याने वेगातल्या स्थैर्यात तेवढा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. मी काढला होता तो हिशोब वजनाचा आणि शक्तीचा. वजन कोठे आहे हे मी विचारलेच नव्हते.

जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. सायकली आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवल्या असत्या तर त्यांचे आघूर्ण ३० × ०.२५ = ७.५ झाले असते. मागच्या भिंतीला ते ३० × ७.२९ = सुमारे २१९. तब्बल २९ पट! म्हणून जड वस्तू खाली, आसावर किंवा किंचित पुढे ठेवायच्या आणि दोन्ही टोकांना फक्त हलके सामान. फार पुढे ठेवूनही चालत नाही. दांड्यावर ७५ किलो भार असेल, गोळा मोटारीच्या मागच्या आसापासून १ मीटर मागे असेल आणि दोन आसांत २.६ मीटर अंतर असेल, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार २९ किलोंनी घटतो आणि मागच्यांवरचा १०४ किलोंनी वाढतो. भार याहून बराच जास्त झाला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटू लागते.

मग गाडी कोणती घ्यावी?

आता मित्राच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता येईल. आधी कॅराव्हॅन आणि मग गाडी असा क्रम असेल, तर कॅराव्हॅनचे रिकामे नव्हे, भरलेले कमाल वजन धरावे. त्यावरून ८५ टक्क्यांच्या हिशोबाने मोटारीचे किमान वजन ठरते. मग पट्टीवरचे आकडे आणि दांड्यावरच्या भाराची मोटारीला मान्य असलेली मर्यादा तपासावी. दोन आसांतले अंतर मोठे आणि गोळा मागच्या आसाच्या जितका जवळ तितके बरे, कारण झुलणारी कॅराव्हॅन मोटारीचे शेपूट जेवढ्या लांबीच्या तरफेने हलवते, ती लांबी हीच. मालवाहू ट्रेलरचा जोड ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या जवळपास वरच असतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. त्यानंतर कमी फेऱ्यांचे आघूर्ण पाहावे, आणि ओल्या माळावर वरचेवर मुक्काम असेल तर चारही चाकांचा जोर. अश्वशक्तीचा क्रमांक शेवटचा.

विजेवर चालणाऱ्या मोटारींबद्दल हल्ली विचारणा होते. त्यांच्याकडे पहिल्या फेरीपासून भरपूर आघूर्ण असते आणि बॅटरीमुळे वजनही चांगले असते. परंतु त्यांतल्या अनेकींना ओढण्याची मान्यता नसते किंवा मर्यादा कमी असते. शिवाय कॅराव्हॅनसारखी भिंत वाऱ्यातून ओढताना एका भारणात कापता येणारे अंतर साधारण निम्म्यावर येते.

आणि वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, अवमंदन वेगाबरोबर घटते. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला मोटारमार्गावर ताशी ६० मैल, म्हणजे ९७ किलोमीटर अशी मर्यादा आहे. जर्मनीत सर्वसाधारणपणे ८० किलोमीटर. या मर्यादा कशासाठी, हे आता वेगळे सांगायला नको. झोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही आता मिळते. ती जरूर बसवावी, पण चुकीच्या भरणीवरचा उतारा म्हणून नव्हे.

मित्राने गाडी बदलली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या देखरेखीखाली सामान पुन्हा भरले. सायकली मोटारीच्या टपावर गेल्या, मांडव आसावर आला, पाणी ओतून टाकले. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवून ७० किलो भार मोजून घेतला. परतीचा प्रवास शांतपणे झाला.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक मीटरची लाकडी पट्टी मधोमध पेन्सिलीवर टेकवा. ही पेन्सिल म्हणजे आस. पट्टीच्या एका टोकाखाली लहान तराजू ठेवा. मधल्या भागापासून थोडे पुढे एक वजन ठेवून तराजूवरचा आकडा नोंदवा. मग दुसरे छोटे वजन आसामागे पाच-पाच सेंटिमीटरने सरकवत न्या आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा. आलेख सरळ रेषेत येतो का? पट्टी कोणत्या जागी उलाळ होते? आधी गणिताने सांगा, मग पाहा.

दुसरा प्रयोग : दोन सारख्या काठ्या घ्या. एकीला मध्याजवळ दोन बटाटे बांधा, दुसरीला दोन टोकांना तसेच दोन. वजन सारखेच. मध्ये धरून त्या डावीउजवीकडे झटझट फिरवा. कोणती थांबवणे अवघड जाते, हे विद्यार्थ्यांच्या मनगटालाच कळेल.

तिसरे निरीक्षण रस्त्यावरचे. आपल्याकडे कॅराव्हॅन क्वचितच दिसेल, पण उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रोज दिसतात. तेथे वेग कमी असल्याने झोक्यांचा धोका लहान, पण वजनांच्या प्रमाणाचा प्रश्न कॅराव्हॅनपेक्षा कितीतरी मोठा : ओढणाऱ्याच्या वजनाच्या कित्येक पट ओझे मागे आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके का उचलली जातात? उतारावर ट्रॅक्टरचालक आधीपासूनच खालचा गिअर का टाकतो? रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून विद्यार्थ्यांनी हे पाहावे, चालकांशी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे आणि ट्रॉली कशी भरतात ते लिहून आणावे. उलाळ हा शब्द किती घरांत अजून माहीत आहे, तेही त्यात नोंदवावे.